सहलीच्या गोष्टींनी राखलेले कालवे

नावेतून केलेल्या सहलीची हकीकत सांगावयास बसले म्हणजे सांगणाराचा स्वर आपोआप संथ होतो. आगगाडीच्या प्रवासात स्थानके मोजावयाची असतात, मोटारीच्या प्रवासात मैल मोजावयाचे असतात. नावेच्या प्रवासात मोजण्याजोगे फारसे काही नसते. दिवसभरात दहा-बारा मैल मागे पडले तरी पुष्कळ झाले. मग सांगावयास उरते ते काय? वाटेत भेटलेली माणसे, रात्री जेथे नाव बांधली त्या गावचा काठ, पुलाखालून जाताना खाली वाकावयाचे राहून गेल्यामुळे पाण्यात पडलेली कोणाची तरी टोपी. अशा गोष्टी विरंगुळ्यासाठी सांगितल्या जातात आणि सुट्टी संपली की विसरल्या जातात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंग्लंडमधील कालव्यांचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास मात्र या समजुतीस छेद देतो. तेथे नावेच्या सहलीची एक हकीकत छापली गेली, ती वाचून चार माणसे एकत्र आली, आणि गाळाने बुजत चाललेले शेकडो मैलांचे जलमार्ग पुन्हा वाहते झाले. त्या हकीकतीला काय साधले आणि काय साधले नाही, हे दोन्ही ध्यानात घेण्यासारखे आहे.

कालवा म्हटला की आपल्याकडे डोळ्यांपुढे शेताला पाणी देणारा पाट येतो. गोव्यातील कुंभारजुव्याचा कालवा त्याला अपवाद. तो मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडतो, आणि खनिजाने भरलेली बार्जे त्यातून ये-जा करीत आली. इंग्लंडमधील कालवे याच जातीचे, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी खोदलेले. 1761 साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा कालवा वर्स्ली येथील त्याच्या खाणींतून मँचेस्टरकडे कोळसा नेऊ लागला. जेम्स ब्रिंडली हा त्या कामावरचा प्रख्यात इंजिनीअर. खडबडीत रस्त्यावर एका घोड्याने दोन टनांची गाडी ओढावी, तर पाण्यावर तोच घोडा पंचवीस टनांची भरलेली नाव काठाकाठाने चालत ओढून नेई. हा हिशेब व्यापाऱ्यांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. पुढील पाऊणशे वर्षांत नद्या आणि कालवे मिळून सुमारे 4,000 मैलांचे जलमार्ग त्या लहानशा देशात पसरले.

डोंगरउताराच्या प्रदेशातून नाव वर चढवावयाची कशी, हा प्रश्न लॉकने सुटला. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी होय. दोन्ही टोकांस दारे असलेल्या एका अरुंद हौदात नाव शिरते. मागची दारे लागतात. हातदांड्याने झडपा उघडल्या की वरचे पाणी हौदात उतरते आणि नाव त्याबरोबर वर उचलली जाते. एका अरुंद लॉकसाठी दर वेळी सुमारे 25,000 गॅलन पाणी खाली सोडावे लागते. मध्य इंग्लंडातील पुष्कळशा लॉकची रुंदी अवघी सात फूट ठेवली गेली, म्हणून नावाही सात फुटांहून किंचित कमी रुंद आणि सुमारे सत्तर फूट लांब, अशा सडपातळ बांधल्या गेल्या. त्यांनाच नॅरो बोट म्हणतात. वूस्टरशायरमधील टार्डेबिग येथे अशा तीस लॉकची माळ ओळीने लागलेली आहे. ती चढून जावयाची म्हणजे हातदांडा फिरविणाऱ्याचे खांदे भरून येतात. सहलीच्या गोष्टींत या चढणीला गड चढल्याइतका मान असतो, तो उगाच नव्हे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि कालव्यांचे दिवस फिरले. कित्येक कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले आणि त्यांची डागडुजी हळूहळू दुर्लक्षिली. भाडे घटले, तेव्हा नावाड्यांना काठावरचे घर परवडेना. बायकामुलांसह ते नावेतच राहावयास आले. मालाच्या मागे सुमारे दहा फूट लांबीची एक खोली. तीतच चूल, तीतच बिछाना, तीतच पाळणा. बायको सुकाणू धरी आणि मुले घोडा हाकीत. शाळेत बसण्याइतका मुक्काम कोठेच नसल्यामुळे त्यांतील पुष्कळांना अक्षरओळखही झाली नाही. परंतु त्याच कोंदट खोलीच्या दारांवर, पाण्याच्या डब्यावर, बादलीवर त्यांनी गुलाबाची फुले आणि किल्ल्यांची चित्रे अशा झळझळीत रंगांत काढली की आज ती एक लोककला म्हणून ओळखली जाते.

व्यापार ओसरत असतानाच पाण्यावर हौसेची माणसे उतरू लागली होती. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने 1876 साली आपल्या एका मित्रासह दोन लहान होड्यांतून बेल्जियम व फ्रान्समधील कालव्यांतून आणि नद्यांतून प्रवास केला. 1878 साली प्रसिद्ध झालेली त्याची हकीकत हेच त्याचे पहिले पुस्तक. ओइझ नदीला त्या वेळी लोंढा होता. आडव्या पडलेल्या एका झाडाला स्टीव्हन्सन अडकला आणि होडी त्याच्या खालून निघून गेली. हातातले वल्हे मात्र त्याने सोडले नाही, आणि पुढे ही गोष्ट त्याने मोठ्या अभिमानाने सांगितली. 1889 साली जेरोम के. जेरोम याचे थेम्स नदीवरील तीन मित्रांच्या सहलीचे विनोदी पुस्तक निघाले. त्यातील मित्र खरे होते, कुत्रा तेवढा कल्पनेतला. अशा पुस्तकांनी लोकांना हसविले आणि नावेत बसावयास लावले. परंतु ज्या पाण्यावरून ही सहल करावयाची ते पाणी कोणी राखावयाचे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि थेम्ससारख्या जिवंत नदीवर तो विचारण्याचे कारणही नव्हते.

तो प्रश्न विचारणारा माणूस पुढे निघाला. त्याचे नाव एल. टी. सी. रोल्ट. 1910 साली चेस्टर येथे जन्मलेला हा गृहस्थ शिक्षणाने यंत्र-अभियंता. जुन्या मोटारींचा शौकीन, आणि यंत्रे आवडत असूनही यंत्रयुगाच्या घाईला कंटाळलेला. ‘क्रेसी’ नावाची एक जुनी लाकडी नाव त्याने आपल्या एका आप्ताकडून घेतली. ऑक्सफर्ड कालव्यावरील बॅन्बरी गावी टूली कुटुंबाची नावा दुरुस्त करण्याची गोदी होती. तेथे तिच्या मालाच्या जागेत निजावयाची खोली, स्वयंपाकघर, पुस्तकांच्या फळ्या आणि न्हाणीसुद्धा बसविण्यात आली. 1939 च्या जुलैत विवाह होताच रोल्ट आणि त्याची पत्नी अँजेला यांनी बॅन्बरीहून नाव सोडली. मध्य इंग्लंडातील कालव्यांतून सुमारे 400 मैलांचा फेरा करावयाचा हा त्यांचा बेत. काही आठवडे गेले नाहीत तोच, 3 सप्टेंबरला, महायुद्ध पुकारले गेले. ही वार्ता त्यांना वाटेतच कळली.

या प्रवासाची हकीकत रोल्टने लिहून काढली, पण ती छापावयास प्रकाशक मिळेनात. युद्धाच्या धामधुमीत कालव्यावरच्या संथ दिवसांची गोष्ट कोण वाचणार, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. अखेर 1944 च्या डिसेंबरात ‘नॅरो बोट’ या नावाने ते पुस्तक बाहेर पडले, आणि बॉम्बहल्ल्यांनी व रेशनने थकलेल्या वाचकांनी ते उचलून धरले. त्यात निसर्गवर्णन आहे, जुन्या खाणावळींची वर्णने आहेत. परंतु त्याचे खरे बळ वेगळे आहे. वाटेत भेटलेला लॉकचा राखणदार, नाव रंगविणारा कारागीर, पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जन्मलेला नावाडी, या माणसांचे कसब संपत चालले आहे, आणि कालवा बुजला की ते कायमचे संपेल, ही गोष्ट रोल्टने डोळ्यांनी पाहून, कोणताही आक्रस्ताळेपणा न करता सांगितली.

लंडनमधील रॉबर्ट आयकमन नावाच्या एका लेखकाने हे पुस्तक वाचले आणि रोल्टला पत्र घातले. 1945 च्या ऑगस्टात दोघांची भेट टार्डेबिग येथे, जेथे युद्धकाळात ‘क्रेसी’ बांधलेली होती तेथेच, झाली. मौज अशी की पुढे हे दोघेही भुताखेतांच्या कथांचे लेखक म्हणून नावारूपास आले. रात्री काळोख्या बोगद्यांतून नाव नेणाऱ्यांना तो विषय परका वाटण्याचे कारण नाही. 1946 साली ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था निघाली. आयकमन अध्यक्ष, कालव्यांचा इतिहासकार चार्ल्स हॅडफील्ड उपाध्यक्ष आणि रोल्ट मानद कार्यवाह. पुस्तक वाचून पत्रे पाठविणारे वाचक हेच तिचे पहिले सभासद.

या मंडळींची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. सभा, ठराव, अर्ज हे सारे त्यांनी केलेच. पण त्यांचे मुख्य साधन म्हणजे सहल. जेथून नाव जाऊ शकत नाही असे सांगितले जाई, तेथून नाव न्यावयाची आणि मग त्याची हकीकत सर्वांस सांगावयाची. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर लिफर्ड येथे एक उचलता येणारा पूल होता. तो नादुरुस्त झाल्यावर रेल्वे कंपनीने त्या जागी पक्का पूल टाकला, आणि वाट बंद झाली. नावांना जाण्याचा कायदेशीर हक्क मात्र शिल्लक होता. हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विचारला गेला, तेव्हा आगाऊ सूचना दिल्यास पूल उचलला जाईल, असे उत्तर मिळाले. रोल्टने तशी सूचना दिली. 1947 च्या मे महिन्यात रेल्वेच्या मजुरांनी जॅक लावून तो अवजड पूल वर उचलला, आणि ‘क्रेसी’ त्याखालून घासत, अडखळत पार झाली. पुढच्याच वर्षी आयकमन, रोल्ट आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेली एलिझाबेथ जेन हॉवर्ड ही मंडळी पेनाइन पर्वताखालच्या स्टँडेज बोगद्यातून नाव घेऊन गेली. तीन मैलांहून अधिक लांबीचा हा बोगदा ज्या कालव्यावर आहे, तो 1944 च्या कायद्यानेच वाहतुकीस बंद झालेला होता.

सहलीच्या आठवणींचा उपयोग कोठवर होऊ शकतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण याच स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या खालच्या तेरा मैलांचे आहे. तो भाग गाळाने भरला होता आणि लॉकची दारे कुजली होती. स्थानिक कौन्सिलला त्यावरचा एक पूल कमी खर्चात बांधावयाचा होता. कालवा रीतसर मोडीत निघाला की ते साधणार होते. 1958 साली तसा अर्ज झाला. त्यासाठी सलग तीन वर्षांत कोणीही कालव्याचा उपयोग केलेला नाही, असे दाखवावे लागे. कोणी केला असणार, असेच सर्वांना वाटत होते. तोच दोन हौशी होडीवाले पुढे आले. त्यांनी आपल्या छोट्या होड्यांतून तेथे सहल केली होती. आणि विशेष म्हणजे रीतसर जकात भरून घेतलेले तिकीट त्यांनी जपून ठेवले होते. सहलीची आठवण म्हणून ठेवलेला तो कागदाचा कपटा पुरावा म्हणून पुढे आला. 1959 साली अर्ज फेटाळला गेला.

त्यानंतर नॅशनल ट्रस्टने तो कालवा भाडेपट्ट्याने घेतला, आणि 1961 साली डेव्हिड हचिंग्ज या वास्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. चिखल उपसणाऱ्यांत शनिवार-रविवारी येणारे कारकून व विद्यार्थी होते, सैनिक होते, आणि बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील कैदीही होते. 11 जुलै 1964 रोजी राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा खुला झाला. स्वयंसेवकांच्या श्रमातून मृतप्राय कालवा उठविता येतो, हे या कामाने सिद्ध झाले, आणि इतरत्रही हाच कित्ता गिरविला जाऊ लागला. केनेट आणि एव्हन या नद्यांना जोडणारा जलमार्ग 1990 साली पुन्हा संपूर्ण खुला झाला. ज्या स्टँडेज बोगद्यातून ती मंडळी 1948 मध्ये गेली होती, तो 2001 साली नावांना पुन्हा मोकळा झाला.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. रोल्टच्या मनात कालवा म्हणजे केवळ पाणी नव्हते. त्या पाण्यावर पोट भरणारी माणसे राहिली तरच कालवा जगला, असे तो मानी. म्हणून ज्या मार्गांवरून अजून माल जातो ते आधी वाचवावेत, असा त्याचा आग्रह होता. आयकमनचे म्हणणे असे की एकही मैल सोडावयाचा नाही. सहलीच्या नावा, मालाच्या नावा, सर्वांसाठी सर्व जलमार्ग राखावयाचे. 1950 च्या ऑगस्टात मार्केट हार्बरो येथे नावांचा मोठा मेळावा भरला. शंभरांहून अधिक नावा आल्या, लोकांची झुंबड उडाली. पण तोवर या दोघांची मने दुभंगली होती. 1951 मध्ये रोल्टला, ज्याच्या पुस्तकातून संस्था जन्मली त्यालाच, संस्थेतून काढण्यात आले. त्याच वर्षी ‘क्रेसी’चे लाकूड कुजल्यामुळे तिचाही त्याग करावा लागला. रोल्ट मात्र स्वस्थ बसला नाही. वेल्समधील टॅलिलिन ही लहानशी रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालू ठेवण्याच्या कामास त्याने वाहून घेतले. 1974 साली तो वारला.

मतभेदात कोण बरोबर होते, याचा निवाडा काळाने विचित्र रीतीने दिला. 1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवड्यामागून आठवडे गोठून राहिले. नावा जागच्या जागी बर्फात अडकल्या, आणि जो थोडाफार माल पाण्यावरून जात होता तोही लॉऱ्यांकडे वळला. बर्फ वितळले, पण गेलेला धंदा बहुतांशी परत आला नाही. नावाड्यांची कुटुंबे काठावरच्या घरांत राहावयास गेली. उलट, पाच वर्षांनी, 1968 च्या वाहतूक कायद्याने हजाराहून अधिक मैलांचे जलमार्ग सहलीच्या नावांसाठी म्हणून राखावयाचे ठरविले. म्हणजे आयकमनचे पाणी राहिले आणि रोल्टची माणसे गेली. एकाचा आग्रह नसता तर पाणीही राहिले नसते. दुसऱ्याने लिहिले नसते तर त्या माणसांचे चालणेबोलणे, त्यांचे कसब, त्यांचा रंगीत संसार कसा होता, हेही पुढे कोणास नीट कळले नसते.

या संदर्भात आणखी काही लेखिकांची आठवण होणे साहजिक आहे. महायुद्धात पुरुष नावाडी कमी पडू लागले, तेव्हा काही तरुण स्त्रियांना मालाच्या नावा चालविण्यास शिकवून पाठविण्यात आले. लंडनहून बर्मिंगहॅमकडे माल न्यावयाचा आणि परत येताना कोळसा आणावयाचा, असे हे काम. त्यांच्या बिल्ल्यावरील आद्याक्षरे अंतर्गत जलमार्गांची. थट्टेखोरांनी त्यांचा अर्थ ‘आळशी बायका’ असा लावला. त्यांच्यापैकी सुसान वुल्फिट हिने 1947 साली आणि एमा स्मिथ हिने 1948 साली आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ही सहल नव्हती. कोळशाची धूळ, भिजलेले दोर आणि सोललेले हात, हा त्यांचा नित्यक्रम. तरीही या पुस्तकांत नावाड्यांच्या बायकांविषयी जो आदर आढळतो, तो त्यांच्याबरोबर राबून आलेला आहे. काठावरून चित्र पाहणारास तो सहजी येत नाही.

आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे 2,000 मैलांचे कालवे व नद्या 2012 साली स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेकडे आहेत. औद्योगिक क्रांतीच्या ऐन भरातही नव्हत्या इतक्या नावा आता या पाण्यावर आहेत, असे ती संस्था सांगते. त्यांत आठवड्यापुरती भाड्याने घेतलेल्या नावा असतात, आणि बाराही महिने नावेतच राहणारी माणसेही असतात. नावेचा वेग ताशी चार मैलांच्या आत ठेवावयाचा, उभ्या असलेल्या नावेजवळून जाताना तोही कमी करावयाचा, आणि आपण उघडलेले लॉकचे दार नीट लागले आहे याची खात्री करून मगच पुढे जावयाचे, हे नियम नवख्यालाही पाळावे लागतात. एका नावेच्या चुकीने वरचे पाणी वाहून जाते आणि मागून येणाऱ्या दहा नावा चिखलात बसतात. पाणी सर्वांचे असते याचा अर्थ तेथे रोज हाताने शिकावा लागतो.

संध्याकाळी लॉकपाशी दोन नावा शेजारी लागल्या की आजही गोष्टी सुरू होतात. पुढच्या वळणावर पाणी उथळ आहे, अमक्या लॉकची झडप जड जाते, तमक्या पुलाखाली उजवीकडून जावे. ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ही माहिती उपयोगी पडते, आणि तो ती पुढच्या मुक्कामी आणखी कोणास देतो. ही रीत सहलीला आलेल्यांनी काढलेली नाही. ज्यांना लिहिता येत नव्हते ते नावाडी समोरून येणाऱ्या नावेला वाटेची खबर अशीच तोंडी देत, आणि तेवढ्या शिदोरीवर त्यांच्या पिढ्यांनी हा सारा जलमार्ग चालविला होता.